चोविसावा डोस

पोशव्वाने सातवी गोळी गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. सगुणाबाईंनी कार्डावरच्या चोविसाव्या चौकटीत खूण केली.

सगुणाबाई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. बदनापूरच्या चर्चच्या ओट्यावर आठवड्यातून तीनदा त्या क्षयाच्या गोळ्या देत. गोळ्या समोर बसवूनच द्यायच्या, असा नियम होता. त्यामुळे हमरस्त्यावरच्या ढाब्याच्या मालकिणीला पोशव्वाला इथे पाठवावंच लागे. ढाब्याच्या मागे गिऱ्हाइकांसाठी चार खोल्या होत्या. कामाला लावतो म्हणून निजामाबादेकडून आणलेली पोशव्वा त्यातल्या एका खोलीत दोन वर्षं होती.

तिला घेऊन येणारा तातेराव फाटकाबाहेर जीपमध्येच बसायचा, नाकाला रुमाल लावून. दोन महिन्यांत तो एकदाही ओट्याजवळ आला नव्हता.

"आला का रिपोर्ट?" त्याने तिथूनच विचारलं. "मालकीण रोज विचारून राह्यली. साफ आला की नागपूरला पाठवायचीय हिला. गाडी बी आजचीच हाय."

"आलाय. वाचते," सगुणाबाई म्हणाल्या.

ओट्याच्या तिन्ही पायऱ्यांवर महिला मंडळाच्या पाच बायका रविवारच्या प्रीतिभोजनाचा गहू निवडत बसल्या होत्या. गोजरबाई सगळ्यांत वर. त्या सुपातून नजर न काढता हळूच म्हणाल्या, "बाई, बिमारी गेली न्हाई म्हणून सांगा त्याला. मंग पायरी चढायचा न्हाई तो."

"आणि हिला काय सांगू?"

गोजरबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

तिसऱ्या डोसाला सगुणाबाईंनी पोशव्वाला विचारलं होतं, इथे राहतेस का? चर्चच्या मागे एक मोठी खोली होती. तीन म्हाताऱ्या आणि दोन लहान मुलं तिथे राहत. पोशव्वाने मुलांकडे बराच वेळ पाहिलं होतं. "बच्चे हैं, अम्मा. पहले ये बीमारी जाने दो." त्यानंतर दर डोसाला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मंडळाच्या बायका डोसाच्या दिवशी दुपारपर्यंत उपास धरू लागल्या. बाकी त्यांच्या हातात काही नव्हतं.

सगुणाबाईंनी लिफाफा उघडला. कागद दोनदा वाचला, तारीख पाहिली, नाव पाहिलं. मग तो पोशव्वासमोर धरून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "साफ आहे."

"बच्चों को नहीं लगेगा?"

"थुंकीच्या दोन्ही नमुन्यांत एकही जंतू दिसला नाही. गोळ्या अजून चार महिने चालतील. पण मुलांजवळ झोपायला हरकत नाही."

"पक्का, अम्मा?"

"मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगितलं. तेवढं पुरतं."

पोशव्वाने पायातल्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या आणि ती ओट्यावर मांडी घालून बसली.

"एकवीस उपास झाले माझे," गोजरबाई पुटपुटल्या. "बारीक झाले तरी कुनी म्हनंना."

"काय निघालं?" तातेराव ओरडला.

"साफ आहे," सगुणाबाईंनी मोठ्याने सांगितलं.

तातेरावने रुमाल काढला, घडी करून खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच फाटकाच्या आत आला. पायऱ्यांपाशी येऊन थांबला. तिन्ही पायऱ्यांवर सुपं, परातीच पराती.

"पाय बघून, भाऊ. खायाचा गहू हाय," गोजरबाई म्हणाल्या.

"सरका ना जराशा."

"सरकतो की. निवडून होऊ द्या."

"किती टाईम?"

"औंदा खडा लई बारीक हाय," खालच्या पायरीवरची बाई म्हणाली. "डोळ्याला दिसत बी न्हाई."

"मावशी, मजाक नका करू. आमची बाई हाय ती."

"तिला विचारलं का?"

तातेरावने बायकांच्या डोक्यांवरून पाहिलं. "ए, चल जल्दी. उठ."

पोशव्वाने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

"मैं नहीं आती."

"क्या बोली?"

"न्हाई येत," ती या वेळी मराठीत म्हणाली.

कोणी मान वर केली नाही. गहू परातीत पडत राहिला. तातेरावने एक पाय उचलला, ठेवायला जागा शोधली आणि परत खाली घेतला.

"चार जण घेऊन येतो मंग," तो म्हणाला. "बघतो कशा बसता ते."

जीप वळून हमरस्त्याकडे गेली. सगुणाबाईंनी कार्डावरचा ढाब्याचा पत्ता एका रेघेने खोडला, वर चर्चचा पत्ता लिहिला आणि खाली सही करून तारीख टाकली. कार्ड पिशवीत घालून त्या पोलीस चौकीत जायला निघाल्या. बायकांनी त्यांच्यापुरती वाट केली आणि पुन्हा जागच्या जागी बसल्या.

पोशव्वा पुढे सरकली. गोजरबाईंनी तिच्यासमोर एक सूप ठेवलं. मग परातीकडे पाहिलं. दोन पसे गहू उरला असेल.

"मागच्या गल्लीतल्या समद्या जणींना हाक मार," त्यांनी खालच्या पायरीवरच्या बाईला सांगितलं. "आन् येताना दुसरं पोतं आनायला सांग."