तबकडीचं वजन

मायक्रोस्कोपखाली लेप दिसेना. रेवतीने तबकडी फिरवली, भिंग पुसलं, पुन्हा डोळा लावला. नुसते ओरखडे. गुडघ्याच्या सांध्यात बसवायच्या प्लॅस्टिकच्या या तबकडीवर तिने चढवलेला लेप पार खरवडून निघाला होता. वहीतली वजनं मात्र चार महिने सांगत होती, झीज नाही म्हणून. त्याच आकड्यांचा अहवाल आज दुपारी दिल्लीला, अनुदान देणाऱ्यांकडे जायचा होता. तो पटला नाही, तर मुलुंडच्या कॉलेजातली ही प्रयोगशाळा मार्चअखेर बंद.

"दशरथमामा, जरा इकडे या."

झीज मोजण्यासाठी तबकडी पाण्यात घासत ठेवणारं यंत्र सांभाळणारे दशरथमामा टेबलाची कड धरत धरत आले. दर आठवड्याला तबकडी काढायची, वाळवायची, काट्यावर ठेवायची, हे काम त्यांचं. सात वर्षांत त्यांची चूक कुणाला सापडली नव्हती.

"वजनाआधी पूर्ण वाळवता ना?"

मामा भिंतीकडे बघायला लागले. "दिवाळीपर्यंत वाळवली."

"आणि नंतर?"

"नंतर थोडी ओलीच ठेवायचो, पाण्याने वजन भरून यायचं. वजन घटलं की तुमचा डबा तसाच परत जायचा, मॅडम. बघवत नव्हतं ओ."

रेवतीला हुंदका आवरेना. "वाट लावलीत माझी, मामा! सगळ्याची वाट लावलीत!"

मामा मान खाली घालून उभे राहिले. आपण ओरडलो याची तिला लाज वाटली, पण राग काही जाईना. आणि मग एकदम आठवलं, तशी ती जास्तच हादरली. दोन्ही गुडघे गेलेला हा माणूस घाटकोपरच्या डोंगरावरून पायऱ्या उलट्या उतरत रोज कामावर येत होता. जानेवारीत मोठ्या मुश्किलीने मिळालेली ऑपरेशनची तारीख त्याने सोडून दिली होती. बसवीन तर आमच्या मॅडमचंच प्लॅस्टिक, असं अख्ख्या कॉलेजला ऐकवलं होतं.

"मामा, हे टिकत नाही, हे तुम्हाला तर माहीत होतं. मग ऑपरेशन का नाही करून घेतलं?"

मामांनी वर पाहिलं. एवढं साधं मॅडमना कसं कळत नाही, याचं त्यांना नवल वाटलं असावं.

"मी बाजारातलं बसवलं असतं, तर तुम्हाला कळलं असतं ना."