आपल्या भाषेतला वकील

होऊ घातलेला परदेशी भागीदार हातवारे करत त्याच्या भाषेत बराच वेळ बोलला. मध्येच त्याने काचेपलीकडचा कारखाना दाखवला, मध्येच टेबलावर मूठ आपटली. मग वकील हसत दादाकडे वळून म्हणाला, "त्यांना या व्यवहाराचा फार आनंद झालाय."

दादाही हसला. शेजारी बसलेली त्याची धाकटी बहीण मात्र हसली नाही.

काचेपलीकडे बहीणभावांनी मायदेशातून आणलेले त्यांच्या पंपांचे साचे मांडून ठेवले होते. दादाने उमेदीची सगळी वर्षं त्या साच्यांत घातली होती. ते नुसते वापरायला द्यायचे की कायमचे या परक्या मुलखातल्या भागीदाराच्या कंपनीच्या घशात जायचे, ते समोरच्या करारात लिहिलेलं होतं. आणि बहीणभावांना त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं.

म्हणून तर वकील हवा होता. धाकटी म्हणत होती, आपण स्वतः चार ठिकाणी चौकशी करू. पण भागीदारानेच या वकिलाचा नंबर दिला, पलीकडून अस्सल मराठीत "बोला दादा" ऐकू आलं आणि दादा विरघळला. परदेशात आपली भाषा बोलणारा वकील! घोडं गंगेत न्हालंच म्हणायचं.

"साच्यांचं काय लिहिलंय?" धाकटीने विचारलं.

"ते नेहमीसारखंच आहे, ताई."

"नेहमीसारखं म्हणजे कसं? उद्या आमचं फाटलं, तर साचे कोण नेणार?"

"शुभ कामात असं अभद्र बोलू नये."

दादा ओशाळला. "अगं, आपलाच माणूस आहे," तो पुटपुटला.

भाऊ दुखावला असता तरी चाललं असतं, साचे गेले असते तर तो पुन्हा उभा राहिला नसता.

"विचारा त्यांना," ती वकिलाला म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर."

वकिलाने विचारलं. भागीदाराने एका शब्दात उत्तर दिलं. वकील मात्र ते मराठीत सांगताना थांबेचना. विश्वास आला, मैत्री आली, दोन देशांचे संबंध आले. साचे तेवढे आले नाहीत.

"एका शब्दात एवढं मावलं?" धाकटी म्हणाली. "मग आता माझं सांगा. आज सही होणार नाही. आम्हाला आधी दुसरा वकील शोधायचाय. अगदी याच शब्दांत सांगा."

वकिलाने घसा साफ केला आणि गोड आवाजात बोलायला सुरुवात केली. ऐकता ऐकता भागीदाराचा चेहरा खुलला. त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि पेन दादापुढे धरलं.

दादाने ते घेतलं.

"काय सांगितलंत हो त्यांना?" दादाने विचारलं.

"ताई म्हणाल्या तेच."

दादाने काचेपलीकडे एकदा बघितलं. मग हात पुढे करून भागीदाराकडून टोपण मागून घेतलं, पेनाला लावलं आणि पेन टेबलावर ठेवून दिलं.

भागीदाराचं हसू मावळलं. दादाला सोडून तो वकिलावर खेकसला, आणि वकील खुर्चीवरून उठून त्याच्यापुढे हात बांधून उभा राहिला.