तिसऱ्या हाकेआधी

वाढवणच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या बांबूंवर शहरातून आलेल्या निलम नावाच्या कलाकाराने स्पीकर बसवले होते. प्रत्येक बांबूवर तळवा टेकला की गावातल्या एकाचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू यायचा. आठवडाभर गाव तिथे येऊन एकमेकांना ऐकत होतं.

उन्नती शेवटच्या दुपारी आली. सातव्या बांबूत तिचे बाबा होते. रेकॉर्डिंगनंतर महिन्याभरातच ते गेले. गेले त्या दिवशी त्यांचा फोन आला होता आणि तिने तो उचलला नव्हता.

तिने तळवा टेकला.

"उन्नतीऽ... उन्नतीऽ..."

होडीवरून किनाऱ्याला मारतात तशी लांबवलेली हाक.

"दोनच आहेत," निलम म्हणाली. "कुणालाही हाक मारा म्हटलं, तर त्यांनी तुम्हाला मारली."

शेजारी बोंबील टांगणारी पुतळीकाकी म्हणाली, "ऐक पोरी, पण ओ नको देऊ. दर्यावरून तीन हाका आल्याबिगर आपण ओ देत नाय. पहिल्या दोन दर्याच्या, तिसरी माणसाची. मुंबईला जाऊन इसरलीस?"

"काकी, मशीन आहे ते."

"मशीनच ना? मग ओ कोणाला देणार तू?"

उन्नतीने पुन्हा तळवा टेकला. दुसऱ्या हाकेनंतरची शांतता तिला सोसेना.

"ओ, बाबा," ती हळूच म्हणाली.

तिने परत टेकून पाहिलं. बांबू गप्प होता.

"वायर सुटली असेल," म्हणत निलमने स्पीकर तपासला आणि स्वतःचा तळवा टेकला.

"ओ, बाबा," उन्नतीचाच आवाज आला. तो फार लांबून येत होता, आणि त्याच्यामागे कोणीतरी वल्हं मारत होतं.