नवसाचं मीठ

गेगार्दच्या मठाच्या चढावर गाडी थांबली, तेव्हा आरपीनेनं आधी लेकीचं, नारेचं बोट घट्ट धरलं आणि मग सासूच्या, वार्सिकच्या मांडीवरचा कोंबडा घेतला. त्याचे पाय बांधलेले होते, पण चोच मोकळी होती, आणि पोरगी सारखी त्याच्या डोळ्याशी बोट न्यायची.

"बाराच्या आत परतायचं हां, मावशी," गाडी आणलेला शेजारचा सेयरान म्हणाला. "अर्धा दिवस ठरलाय. वाटेतल्या चर्चमध्येच केवढा वेळ मेणबत्त्या लावत बसलात!"

"तुझ्या आईनं तेवढ्या लावल्या असत्या, तर एव्हाना तुझं लग्न झालं असतं," वार्सिक म्हणाली.

आरपीनेला हसू आलं नाही. वाटेतल्या त्या चर्चमध्येच ती सासूला सांगणार होती. परवा कामावर असताना तिला फोन आला होता. नारेच्या तोंडातून घेतलेला डीएनएचा नमुना जुळला. डोंगरात सापडलेली हाडं तिच्या नवऱ्याची, वाहानचीच. युद्ध संपल्यापासून सासू एकच म्हणत होती, कैदेत असेल, येईल. आजचा कोंबडाही तो सुखरूप यावा म्हणूनच होता. मेलेल्याच्या आयुष्यासाठी बळी द्यायचा म्हणजे देवाची थट्टा. सुरी फिरायच्या आत सांगायलाच हवं होतं. आणि सांगितलं तर म्हातारी इथेच, या दगडांवर कोसळली असती.

चर्चच्या आत डोंगरात कोरलेला काळोख. छतातून पाणी ठिबकत होतं. आरपीनेनं नारेला ओल्या पायरीवरून उचलून घेतलं. वार्सिकनं बळीला चारायच्या मिठाची बशी पुढे केली.

"प्रकृतीसाठी की आत्म्याच्या शांतीसाठी?" पाद्रीबाबांनी विचारलं. विचारावंच लागतं, जिवंताची प्रार्थना वेगळी, मेलेल्याची वेगळी.

"फादर, जरा थांबा..." आरपीने म्हणाली.

"प्रकृतीसाठी," वार्सिक मोठ्यानं म्हणाली.

"नाव?"

"नारे."

मीठ मंतरून झालं. कोंबडा घेऊन दोघी चर्चला प्रदक्षिणा घालू लागल्या.

"आई, नवस तर वाहानचा होता."

वार्सिक समोर बघूनच चालत होती. "परवा लष्करातले दोघं जण घरी आले होते. दारातच टोप्या काढून उभे राहिले. त्यांना म्हटलं, सुनेला मी सांगते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू पोटभर जेवत होतीस. काल तर दुसऱ्यांदा वाढून घेतलंस. म्हटलं, हिला ठाऊक नाही ना, जेवू दे दोन दिवस."

ते सगळं जेवण आरपीनेनं न्हाणीघरात नळ सोडून ओकून टाकलं होतं. सासूला संशय येऊ नये म्हणून ती जेवत होती. नारेनं तिच्या खांद्यावरून कोंबड्याला हाक मारली.

बाहेर, ओढ्याकाठी, कापणाऱ्यानं कोंबड्याच्या चोचीत मीठ घातलं. आरपीनेनं पोरीचे डोळे झाकले. मग एक ओला अंगठा आला आणि नारेच्या कपाळावर लाल क्रूस काढून गेला.

"पुसू नकोस गं," वार्सिक नातीला म्हणाली. तिनं पिशवीतून मिठाचा न मंतरलेला पुडा काढला आणि ती पुन्हा चर्चकडे निघाली. "चल आरपीने. दफनाच्या दिवशी मांस शिजवावं लागेल. त्याला हे प्रकृतीचं मीठ चालणार नाही."

सेयराननं लांबून हॉर्न दिला. कोणी वळून बघितलं नाही.

पाद्रीबाबांनी दोघींना ओळखलं. "आता कोणाचं नाव?"

"वाहान," वार्सिक म्हणाली.

"प्रकृतीसाठी की..."

वार्सिकनं पुडा आरपीनेच्या हातात दिला.

"तू सांग," ती म्हणाली. "मी त्याची आई आहे."