उलटा लसूण

मामांनी लसूण पुन्हा उलटा लावला होता. शेंडे मातीत, बुडं वर. वाफाभर पाकळ्या पाय वर करून पडल्या होत्या.

जावयाने डोक्याला हात लावला आणि तो चपला न घालताच बागेत उतरला. एकेक पाकळी उपटून सरळ करायची, माती सारखी करायची आणि मामांचा चहा होईपर्यंत हात धुऊन मोकळं व्हायचं. रोज काही ना काही असायचंच. आज मात्र घाई होती. आज मामांची धाकटी मुलगी येणार होती.

त्या घरात सासरा-जावई दोघेच राहत. थोरली, म्हणजे मामांची मोठी मुलगी आणि याची बायको, गेली तेव्हापासून. जावई दातांच्या कवळ्या बनवायचा. घरातल्याच एका खोलीत त्याचं काम चाले. ती गेल्यावर त्याने त्या खोलीचा पडदा ओढला तो ओढलाच. जेवण उभ्याउभ्या, दाढी आठवण झाली तर. मामा शेजाऱ्यांना म्हणत, "आमच्याकडे हसायचं सगळं सामान तयार होतं. हसत मात्र कुणी नाही."

मामांची बाग बारा महिने चालू असे. हवा सौम्य, ऊन फार भाजत नसे आणि थंडीही फार बोचत नसे. नियम एकच. एक ओळ खायची, एक वाढवायची, एक पेरायची. मुळा निघाला की त्या जागी गाजर, पालक संपत आला की शेजारी नवा पालक. वाफा रिकामा दिसला की मामांना घास गोड लागत नसे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, एक स्क्रू इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही.

आणि असा माणूस विसरायला लागला.

आधी मुळ्याच्या वाफ्यात पालक पेरला. मग गाजराची कोवळी रोपं गवत समजून उपटली. मग वाटाण्याचा वेल टोमॅटोच्या काठीला बांधला. एकदा तर नळ तसाच सोडून झोपायला गेले आणि जावयाच्या कामाच्या खोलीच्या खिडकीखाली तळं झालं. जे काही व्हायचं ते त्या खिडकीसमोरच. घरामागची वांगी तेवढी बचावली.

धाकटीने फोनवर बजावलं होतं, "भावोजी, बाबांकडे लक्ष ठेवा हं. फारच विसरायला लागले तर मी त्यांना इकडे घेऊन येईन."

धाकटीचं घर उंच इमारतीत. तिथे मातीची एक कुंडीसुद्धा नव्हती. बाग सुटली तर मामा खचतील, हे जावयाला दिसत होतं. आणि मामाही गेले तर या घरात आपलं म्हणावं असं कोण उरणार? धाकटीला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं.

पण चूक निस्तरायची तर बरोबर काय ते आधी कळायला हवं.

"मामा, पालक किती खोल पेरायचा हो?"

"अर्ध्या पेराएवढा. पण जावईबापू, तुम्हाला हो कशाला? तुम्ही आपले दात पेरा."

मामांवर नजर ठेवायची म्हणून पडदा उघडा राहू लागला. खुरपं चालवून दुपारी सपाटून भूक लागू लागली. मग तो ताट वाढून घेऊन खाली बसू लागला. स्वतः पेरलेला पहिला मुळा उपटला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. दाखवायचा कुणाला? मागे वळला तर मामा उभे.

"बघू. वा! आमच्या लेकीला आवडला असता," मामा म्हणाले. मग तो मुळा दोघांनी मिळून खाल्ला.

संध्याकाळी पत्ते निघत. पत्त्यांत मामा हटकून जिंकत. कुणी कुठलं पान टाकलं, सगळं ध्यानात. हा आजारच विचित्र, असं जावई मनाशी म्हणे.

धाकटीचा फोन नेमाने येई. "बाबा कसे आहेत?"

"ठणठणीत."

"आणि तुम्ही? जेवता ना? झोप लागते?" तिचं बाबांविषयीचं बोलणं एका वाक्यात संपे, बाकी सगळी चौकशी याचीच.

धाकटी आली ती थेट बागेतच शिरली. जावई मागोमाग, जीव मुठीत धरून.

"बाबा, ही ओळ कसली?"

"गाजर. पुढची बीट. त्यापलीकडे वाटाणा, तो स्वतःच्या काठीवर आहे."

"आणि हा?"

"लसूण. शेंडा वर, बूड खाली," मामा म्हणाले. "लसूण काय आज लावतोय का मी?"

जावयाचा जीव भांड्यात पडला. "बघ, म्हटलं नव्हतं? अगदी ठणठणीत आहेत. थांबा, मी चहा टाकतो," असं म्हणत तो आत गेला. थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला आणि त्यासोबत गुणगुणणंही.

धाकटी ऐकत राहिली. तिने ओढणीने डोळे पुसले.

"बाबा, भावोजी गातायत."

"रोज गातात हल्ली. बेसूर आहे, पण चालतंय."

मामांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग गुडघे टेकून ते वाफ्याशी बसले, सकाळी सरळ केलेली पहिली पाकळी हलकेच उपटली आणि शेंडा खाली करून पुन्हा मातीत खोचली.

"तू जरा आडोसा धर," ते दुसऱ्या पाकळीला हात घालत म्हणाले. "उद्या सकाळी त्यांना बाहेर यायला काही निमित्त नको का?"