जोडी फॉर्मात नाही

गेल्या वर्षी शर्यतीचा दर शंकरपट जिंकणारी लटारूभाऊची बैलजोडी यंदा वरातीतल्यासारखी रमतगमत धावत होती. आज पटाच्या सकाळी त्यांनी ढोरांचा डॉक्टर बोलावला. त्याने खूर बघितले, पोटांवरून हात फिरवला.

“बैल ठणठणीत आहेत. फक्त पटाच्या दिवशी एवढं चारू नका.”

“मी तं त्यायले काडीबी दाखवत नाई!” लटारूभाऊ भडकले. वळून बघतात तर बायको, रुखमाबाई, गोठ्यामागे पेजेचं रिकामं घमेलं लपवत होती.

“काऊन वं, माह्या जोडीची वाट लावून राह्यली?”

“मागल्या साली जिंकले का, तुमी फोटोत अन् मी चुलीपाशी. दर खेपेले अख्ख्या गावासाठी कोंबडे रांधून वडे कोनं तळले? या बैलायनं?”