जांभळा बाण

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आजींना भूल दिली होती. त्यांचा दुसरा पाय हिरव्या चादरीने झाकताना नवी नर्स थबकली. “सर, एक मिनिट, मला वाटतं...” हॉस्पिटलचे प्रमुख असलेले सर्जन उखडले, “वाटायचं काम माझं! हो बाहेर!” हातमोजे कशाला लागू नयेत म्हणून दोन्ही हात वर धरून ती बाहेर गेली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. नवा गुडघा सफाईने बसला. शेवटचा टाका घालून, “याला म्हणतात हात!” म्हणत सरांनी स्वतःच दुसऱ्या पायावरची चादर बाजूला ओढली आणि ते जागीच थिजले. सकाळी त्यांनीच दुखऱ्या गुडघ्यावर काढलेला जांभळा बाण चादरीखाली तसाच होता. “कुणालाच दिसला नाही?” त्यांचे जुने मित्र, भूल देणारे डॉक्टर, खालीच बघत म्हणाले, “झाकण्याआधी सगळ्यांनाच दिसला.” “मग बोलला का नाहीत?” “एक बोलली होती.” दाराच्या काचेपलीकडे ती अजून उभी होती, हातमोज्यांतले दोन्ही हात तसेच वर धरून.